सांध्यापाशी थांबून पाहिलेली घरे

मला मनापासून आवडलेल्या एका घराची दर्शनी बाजू आज नीटशी आठवत नाही. त्याच्या खिडकीखालची बोटभरही रुंद नसलेली एक खाच मात्र स्पष्ट आठवते. पाऊस नुकताच थांबला होता आणि मी त्या घराच्या भिंतीला लागून जाणाऱ्या वाटेवर उभा होतो. खिडकीखालची दगडी पाटी भिंतीच्या बाहेर दोन-तीन इंच आलेली होती, तिला बाहेरच्या बाजूस किंचित उतार होता, आणि तिच्या खालच्या अंगाला, पुढच्या कडेपासून थोडी आत, या टोकापासून त्या टोकापर्यंत एक सरळ खाच कोरलेली होती. पाटीवरून ओघळणारे पाणी कडेवरून वळून तिच्या पोटाला चिकटत होते, भिंतीकडे सरकू पाहत होते आणि त्या खाचेपाशी येऊन अडत होते. तिथे थेंब जमत होता, जड होत होता आणि भिंतीला न शिवता सरळ जमिनीवर पडत होता. बाकीची भिंत ओलसर असताना त्या खिडकीखालचा भाग कोरडा होता.

पाणी नेहमी खालीच जाते असे आपण धरून चालतो, पण ते पृष्ठभागाला चिकटून उलट्या अंगानेही बरेच अंतर चालून जाते, आणि घर बांधणाऱ्याला हे ठाऊक असावे लागते. त्या खाचेवाचून घर काही अडत नाही. मात्र काही पावसाळ्यांनंतर खिडकीच्या दोन्ही कोपऱ्यांखाली काळे ओघळ उमटतात, गिलावा फुगतो, आतल्या बाजूस रंगाचे पोपडे सुटू लागतात. मी पूर्वी भाड्याने राहत असलेल्या एका घरात ही खाच नव्हती आणि पाटीला उतारही आतल्या बाजूस होता. तिथली खिडकीखालची भिंत मी तीन वेळा रंगवून घेतली, आणि तिन्ही वेळा ओल पुन्हा त्याच जागी उमटली. दोष रंगात नव्हता, भिंतीतही नव्हता. दगड आणि भिंत जिथे भेटतात तिथे बांधताना कोणी विचारच केला नव्हता.

तेव्हापासून कोणतेही घर पाहताना माझी नजर आधी सांध्यांकडे जाते. सांधा म्हणजे केवळ सुताराने केलेली लाकडाची जोड नव्हे. भिंत जमिनीला मिळते ती रेघ, चौकट भिंतीत बसते ती कड, छप्पर संपते आणि आकाश सुरू होते ती किनार, जिन्याची शेवटची पायरी मजल्याला टेकते ती जागा, हे सगळे घराचे सांधेच आहेत. एकाच सामग्रीची सलग भिंत रचणे हे सवयीचे काम असते. पण दगड आणि काच, लाकूड आणि लोखंड, जुने आणि नवे अशा दोन निराळ्या स्वभावांच्या वस्तू जिथे एकत्र येतात, तिथे कुणाला तरी थांबून निर्णय घ्यावा लागतो, आणि घर बांधणाऱ्याची खरी समज मला त्या निर्णयात दिसते. छायाचित्रात घराचा आकार येतो, डौल येतो, भोवतालची झाडे येतात; सांधे क्वचितच येतात. म्हणून नावाजलेल्या घरांविषयी वाचताना मी दर्शनी चित्रांपेक्षा आराखडे आणि तपशिलांची रेखाटने अधिक वेळ पाहत बसतो.

लाकडापासून सुरुवात करावी, कारण सांध्याचा विचार माणसाला सर्वांत आधी लाकडानेच शिकवला असावा. झाड तोडून फळ्या काढल्या तरी लाकूड हलायचे थांबत नाही. हवेतला ओलावा वाढला की ते फुगते आणि हवा कोरडी झाली की आकसते; मात्र ही हालचाल रेषांच्या आडव्या दिशेने होते, लांबीच्या दिशेने ती जवळजवळ नसते. रुंद फळी चारही बाजूंनी घट्ट जखडली तर ती एखाद्या वर्षी फाटणार हे ठरलेले असते. पॅनेलच्या साध्या दाराची सगळी रचना या एका गोष्टीतून निघालेली आहे. उभे आणि आडवे पट्टे कुसू (पट्ट्याच्या टोकाला काढलेली जीभ) आणि खोबण (ती बसते ते भोक) यांनी जोडून बाहेरची चौकट घट्ट करायची, तिच्या आतल्या कडांना खाच पाडायची आणि मधली रुंद फळी त्या खाचेत सरस न लावता नुसती सरकवून बसवायची. चौकट दाराचा आकार राखते आणि फळी आपल्या जागेत मोकळी राहून ऋतूप्रमाणे फुगते व आकसते. आपण रोज ज्याला ढकलून आत-बाहेर करतो त्या दारात इतका विचार आहे हे मला बऱ्याच उशिरा कळले, आणि कळल्यावर मी कितीतरी दिवस दारेच पाहत हिंडत होतो.

लाकडाच्या या स्वभावाचा मान राखून बांधलेल्या घरांत कॅलिफोर्नियातील पॅसाडेना येथील गॅम्बल हाउस मला सर्वांत वरचे वाटते. डेव्हिड आणि मेरी गॅम्बल या दांपत्यासाठी चार्ल्स आणि हेन्री ग्रीन या बंधूंनी १९०८ साली त्याची रचना केली. वास्तुकलेचे शिक्षण घेण्याआधी हे दोघे भाऊ सेंट लुईसच्या एका शाळेत हाताने लाकूडकाम आणि धातुकाम शिकले होते, आणि ते शिक्षण या घरात पावलोपावली दिसते. प्रत्यक्ष बांधकाम मूळचे स्वीडनचे असलेल्या पीटर आणि जॉन हॉल या दोन भावांच्या हातचे. म्हणजे या घरात भावांची एक जोडी रेखाटत होती आणि दुसरी रंधा चालवत होती, आणि चौघांनाही लाकडाची भाषा येत होती. सागवान, मेपल, ओक, महोगनी, सीडर अशी निरनिराळी लाकडे त्यांनी जागेच्या गरजेप्रमाणे वापरली. या घरात लाकडाची टोकदार कड जवळपास सापडत नाही. तुळईची असो वा जिन्याच्या कठड्याची, प्रत्येक कड हाताला बोचणार नाही अशी गोलसर घासलेली आहे. लांब तुळयांना काही ठिकाणी लोखंडी पट्ट्यांनी वेढून मध्ये पाचर ठोकून आवळलेले आहे, आणि ती पट्टी व ती पाचर लपवण्याऐवजी दागिन्यासारखी समोर ठेवली आहे. कठड्याच्या पट्ट्या कोपऱ्यावर एकमेकींत अशा गुंफल्या आहेत, की कोणती कोणाला आधार देते हे बोटाने शोधता यावे. जोड कशी झाली हे पाहणाऱ्याला सांगण्यात या कारागिरांना संकोच नव्हता, आणि जिथे जोड दिसते तिथे ती उत्तमच करावी लागते.

या घराविषयी एक गोष्ट सांगितली जाते. पुढच्या पिढीच्या काळात ते विकायचा विचार सुरू होता. घर पाहायला आलेल्यांपैकी कोणीतरी, आतले सगळे लाकूडकाम पांढरे रंगवून टाकू, असे म्हणाले, आणि ते कानी पडताच कुटुंबाने विक्रीचा बेत सोडून दिला. १९६६ मध्ये हे घर पॅसाडेना शहराच्या स्वाधीन करण्यात आले आणि दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाशी झालेल्या कराराप्रमाणे त्याची निगा राखली जाऊ लागली. मला ही गोष्ट वाचताना दर वेळी भरून येते, कारण पांढऱ्या रंगाच्या एका हाताने त्या घराची एकही भिंत पडली नसती, छप्पर गळले नसते, आणि तरीही घर गेलेच असते.

माझे कौतुक आंधळे मात्र नाही. याच घराच्या वाशांची टोके छपराच्या बाहेर उघडी काढलेली आहेत. उन्हात त्यांच्या सावल्या भिंतीवर पडतात तेव्हा ती फार सुंदर दिसतात. पण वाशाचे कापलेले टोक म्हणजे लाकडाच्या असंख्य बारीक नळ्यांची उघडी तोंडे असतात, आणि लाकूड सर्वांत अधिक पाणी तिथूनच पिते. ती टोके दशकानुदशके ऊन-पाऊस खात राहिली, कुजू लागली आणि पुढे जतनाच्या मोठ्या कामात ती दुरुस्त करावी लागली. खिडकीखाली खाच कोरणाऱ्या त्या पाथरवटाला, मला वाटते, वाशांचे हे धाडस रुचले नसते. मी दोघांच्याही बाजूने विचार करून पाहतो आणि अजून कोणाच्याच बाजूने पुरता झुकलेलो नाही.

सांधा दाखवणे जितके कठीण, त्याहून तो नाहीसा करणे अधिक कठीण असते. अमेरिकेतील इलिनॉय राज्यातील प्लेनो येथे वास्तुरचनाकार मीस व्हॅन डर रोए यांनी डॉक्टर इडिथ फार्न्सवर्थ यांच्यासाठी बांधलेले काचेचे घर १९५१ मध्ये पूर्ण झाले. आठ पोलादी खांब, मध्ये तरंगल्यासारखे दोन आडवे पट्ट, एक जमिनीचा आणि एक छताचा, आणि त्या दोहोंच्या मध्ये काच, एवढेच ते घर आहे. खांब या पट्टांच्या बाहेरून वर गेलेले आहेत आणि ते पट्टांना कशाने धरले आहेत हे डोळ्यांना समजत नाही. बोल्ट दिसत नाही, वेल्डिंगची शिवण दिसत नाही. त्यासाठी छिद्रांमध्ये वितळता धातू भरून जोड केली गेली, वर आलेला भाग घासून सपाट केला गेला, वाळूच्या झोताने पोलाद एकसारखे करून मग त्यावर पांढरा रंग चढवला गेला. साधेपणा म्हणून आपण ज्याचे कौतुक करतो तो इथे वेल्डर आणि घासणारा यांच्या कित्येक दिवसांच्या श्रमांनी मिळवलेला आहे, आणि ते श्रम दिसू न देणे हेच त्यांचे कौशल्य आहे. हे घर नदीच्या पूररेषेत असल्याने जमिनीपासून सुमारे दीड मीटर उंच उचललेले आहे. तरीही १९५४, १९९६ आणि २००८ च्या पुरांत पाणी आत शिरले. पोलादाचा पोलादाशी सांधा जुळवणाऱ्यांना घराचा नदीशी असलेला सांधा तितका जमला नाही, असे मी खेदाने म्हणेन. त्या घराची मालकीण आणि वास्तुरचनाकार यांच्यात खर्चावरून न्यायालयापर्यंत गेलेला वादही प्रसिद्ध आहे, पण तो इथला विषय नव्हे.

घर आणि भोवतालची जमीन यांच्या सांध्याचा विचार करायचा तर अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियातल्या फॉलिंगवॉटर या घराजवळ थांबावेच लागते. वास्तुरचनाकार फ्रँक लॉइड राइट यांनी १९३५ मध्ये कॉफमन कुटुंबासाठी त्याची रचना केली, आणि ओढ्यावर झेपावलेले त्याचे सज्जे जगभर माहीत आहेत. मला मात्र त्याची शेगडी अधिक आवडते. बैठकीच्या खोलीत शेगडीपुढे जो खडक आहे तो आणून बसवलेला नाही. तो त्या टेकडीचाच आहे, घर बांधण्याच्या आधीपासून तिथे आहे, आणि घराची फरशी त्याच्याभोवती येऊन थांबते. फरशीच्या दगडांना मेण लावून चकाकी आणली आहे आणि खडक मात्र तसाच निस्तेज ठेवला आहे. त्यामुळे ती फरशी वाहत्या पाण्यासारखी आणि तो खडक पाण्यातून वर आलेल्या कोरड्या दगडासारखा दिसतो. एवढ्या एका निर्णयाने बाहेरचा ओढा खोलीच्या आत आलेला आहे. त्याच घरात काही ठिकाणी काच दगडी भिंतीला मिळते तेव्हा मध्ये चौकट नाही. दगडातच खाच पाडून काच सरळ आत घातली आहे, म्हणून भिंत न थांबता आतून बाहेर जात राहिल्याचा भास होतो. ज्याने ओबडधोबड दगडात काचेसाठी सरळ खाच पाडून पाहिली असेल, त्यालाच त्या कामाचे मोल खरे कळेल.

सज्ज्यांची गोष्ट तितकी सुखाची नाही. बांधताना आधार काढल्याबरोबरच ते झुकू लागले, आणि पुढच्या दशकांत मुख्य सज्ज्याचे टोक सुमारे १८ सेंटिमीटरपर्यंत खाली आले. २००२ मध्ये काँक्रीटच्या तुळयांच्या बाजूंनी पोलादी केबल ओढून, त्यांना ताण देऊन ते झुकणे थांबवले गेले. ते काम फरशीचे दगड क्रमांक टाकून उचलून आणि काम झाल्यावर पुन्हा त्याच जागी बसवून केले गेले, ही गोष्ट मला मूळ सज्ज्याइतकीच कौतुकाची वाटते. दुरुस्तीचे काम करणाऱ्यांनी स्वतःची खूण मागे ठेवली नाही.

जुन्या-नव्याच्या सांध्याचे मला ठाऊक असलेले सर्वांत विलक्षण उदाहरण पॅरिसमध्ये आहे. डॉक्टर जाँ दाल्साक यांच्यासाठी पिएर शारो यांनी डच वास्तुरचनाकार बर्नार्ड बायव्हूट आणि धातुकाम करणारे लुई दाल्बे यांच्या साहाय्याने १९२८ ते १९३२ या काळात मेझाँ द व्हेर, म्हणजे काचेचे घर, बांधले. मूळ बेत जागेवरची जुनी इमारत पाडून नवी बांधण्याचा होता. पण सर्वांत वरच्या मजल्यावर राहणाऱ्या एका वृद्ध भाडेकरू बाईंनी घर सोडायला नकार दिला. तेव्हा वरचा मजला आणि त्यातले बिऱ्हाड जागच्या जागी ठेवून खालचे मजले काढून टाकण्यात आले, वरच्या मजल्याचा सगळा भार पोलादी खांबांवर पेलून धरला गेला, आणि त्या मोकळ्या झालेल्या जागेत काचेच्या विटांची भिंत असलेले नवे घर बसवले गेले. ते खांब रिव्हेट मारून जोडलेले आहेत, बैठकीच्या दुमजली दालनात ते सरळ समोर उभे आहेत, आणि त्यांच्या काही बाजूंवर स्लेटचे, म्हणजे शाळेच्या पाटीसाठी वापरतात त्या दगडाचे, पातळ तुकडे लावलेले आहेत. वास्तुकलेविषयीच्या लिखाणात या घराचा प्रकाश नेहमी वाखाणला जातो आणि तो योग्यच आहे. पण जी अडचण होती तीच घराचा कणा झाली, आणि ती लपवावी असे कोणालाही वाटले नाही, याचे मला अधिक अप्रूप आहे. दाल्बे यांच्या हाताने झालेले सरकते पडदे, फिरते कपाट, दुमडणारा जिना हे सगळे पाहिले की चित्र काढणारा कुठे थांबला आणि लोखंड घडवणाऱ्याने कुठून पुढे नेले, हे ओळखता येत नाही.

आणखी दोन खिडक्यांविषयी थोडक्यात लिहितो. नेदरलँड्समधील उट्रेख्ट येथे खेरिट रीटव्हेल्ड यांनी त्रूस श्रोडर यांच्यासाठी, आणि त्यांच्याच बरोबरीने, १९२४ मध्ये रचलेल्या घरात वरच्या मजल्याच्या एका कोपऱ्यावर दोन खिडक्या एकमेकींना मिळतात, आणि कोपऱ्यावर खांब नाही. दोन्ही उघडल्या की घराचा कोपराच उरत नाही. रीटव्हेल्ड सुताराचे पुत्र होते आणि स्वतः खुर्च्या-टेबले घडवत मोठे झाले होते, म्हणूनच कदाचित घराकडेही त्यांना मोठ्या फर्निचरसारखे पाहता आले. दुसरी खिडकी स्पेनच्या मायोर्का बेटावरची आहे. वास्तुरचनाकार यॉर्न उत्झन यांनी समुद्रकड्यावर स्वतःसाठी बांधलेल्या कान लिस या घरात खिडक्यांच्या चौकटी भिंतीच्या बाहेरच्या अंगाला लावलेल्या आहेत. आत बसलेल्याला चौकट दिसतच नाही. जाड दगडी भिंतीची खोल भोके आणि त्यापलीकडे समुद्र, एवढेच दिसते. भिंतींच्या दगडावर कापणाऱ्या करवतीच्या गोल खुणा तशाच राहू दिल्या आहेत.

नावाजलेली घरे सोडून साध्या घरांकडे वळलो तरी पाहण्यासारखे फार असते. कोणाच्या घरी गेलो की मी जिना चढताना मनातल्या मनात पायऱ्यांची उंची तोलतो. माणसाचे पाऊल पहिल्या दोन पायऱ्यांतच उंची शिकून घेते आणि पुढच्या पायऱ्यांवर डोळ्यांची मदत मागत नाही. म्हणून मध्येच एखादी पायरी थोडीशी जरी उंच-सखल असली तरी ठेच लागते. ही चूक बहुधा पहिल्या किंवा शेवटच्या पायरीला होते, कारण जिना ओतताना खालच्या आणि वरच्या मजल्याच्या फरशीची जाडी हिशेबात धरायची राहून जाते. ज्या जिन्यावर पाऊल एकदाही अडखळत नाही, त्याच्यामागे फरशी यायच्या कितीतरी आधी तिची जाडी मोजणारा कोणी तरी असतो. भिंत आणि जमीन यांच्या सांध्यावर लावलेली पट्टीही अशीच बोलकी असते. गिलाव्याची खालची कड कधी नीट सरळ येत नाही, ती झाकण्यासाठी ही पट्टी असते, आणि त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. अलीकडे ती पट्टी काढून भिंत जमिनीपासून बोटभर वर थांबवण्याची आणि मध्ये काळोखी फट ठेवण्याची पद्धत आली आहे. ती नीट साधली तर भिंत हलकी दिसते. पण तिथे गवंड्याला झाकायला काहीच उरत नाही, आणि इतके सरळ काम करायला लागणारा वेळ त्याला दिला नाही तर ती फट आयुष्यभर वाकडी दिसत राहते.

माझ्या सध्याच्या घरात अशा अभिमानाच्या गोष्टी फारशा नाहीत. मागच्या खोलीचे दार मात्र जुन्या पद्धतीचे, पॅनेलचे आहे, आणि आमच्या आधी राहून गेलेल्या कोणीतरी ते गडद हिरवे रंगवलेले आहे. ओलाव्याच्या दिवसांत ते एकसारखे हिरवे दिसते. हवा कोरडी झाली की मधली फळी आकसते, चौकटीच्या खाचेतून किंचित सरकून बाहेर येते आणि तिच्या उभ्या कडेशी, रंग कधी न लागलेल्या लाकडाची, दोऱ्याएवढी फिकट रेघ दिसू लागते. काही महिन्यांनी ती पुन्हा खाचेत नाहीशी होते. मागच्या वेळी रंगारी आला तेव्हा त्याने ती रेघ दाखवून तिथे लांबी, म्हणजे पुट्टी, भरून वरून हात मारू का, असे विचारले. ती फळी हलण्यासाठीच मोकळी ठेवलेली आहे, हे मी त्याला दाखवले. त्याने अंगठ्याने ती हलकेच दाबून पाहिली, मान डोलावली, आणि ब्रश त्या कडेपासून दूर ठेवून बाकीचे दार रंगवले.